देवीसमोर बंद पडणारी गाडी

मीरा रोड स्टेशनबाहेर चेण्याच्या बसच्या रांगेत माझ्यामागे दोन बायका उभ्या होत्या.

"अनसूयाताई, दशरथभाऊ आता गाडी चालवतात म्हणे?"

"रिसॉर्टवाल्यांनी दिलीये, गवत कापायची. वर बसून चालवायची, ट्रॅक्टरसारखी. पण लॉनमधल्या देवीसमोर आली की बंद! रोज!"

"अगं बाई! देवीचा कोप?"

"नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, तरी बंद. शेवटी मेकॅनिक आला. तो बसला, तर गाडी भुर्रकन पुढे. मग त्याने ह्यांना बसवलं. देऊळ आलं, हे हात जोडून उठले. गाडी बंद!"

"म्हणजे?"

"सीटवरून उठलं की इंजिन थांबतं. माणूस पडून पात्यात जाऊ नये म्हणून."

"मग बसूनच करायचा ना नमस्कार!"

"तर म्हणतात, देवीपुढे बसून? मी काय मॅनेजर आहे?"

"सीटवर खताची गोणी ठेवायची."

"ठेवली की! हे उतरून पाया पडत राहिले, गोणी गाडी घेऊन जास्वंदीत."

"मग आता?"

"आता तेवढा तुकडा विळ्याने कापतात."

"खाली बसून?"

"छे! कंबर दुखते, तरी वाकून."