तुलनेसाठी ठेवलेली पानं

डोळ्यांच्या दवाखान्यात आजीबाईंनी वर्तमानपत्र उघडले होते. कान मात्र शेजारच्या बहीणभावाकडे होते.

“दादा, आपल्या रोपवाटिकेच्या वेबसाइटची चाचणी संपली?”

“संपली. अर्ध्या पानांवर माझा मजकूर टाकला, अर्धी तुलनेसाठी आईच्याच शब्दांत ठेवली.”

“मग?”

“सर्चमध्ये आईची पानं वर आली. माझी घसरली.”

“आणि चाचणीआधी तू तिला म्हणाला होतास, तुझं पाल्हाळ कोण वाचणार.”

“तेव्हापासून तिनं लिहिणंच सोडलं. आता तर डोळेही गेल्यातच जमा.”

“ती सांगेल, तू लिहून घे.”

“कुठल्या तोंडानं विचारू?”

तपासणीच्या खोलीतून आई भिंत चाचपत आली.

“कसली खुसपूस रे?”

“काही नाही, आई.”

आजीबाईंनी वर्तमानपत्राची घडी केली.

“बसा बाई इथं. तुमच्या मुलाला तुमच्याशी बोलायचंय.”