मशीनच्या वरचं भोक

नाव विचारलं असता: गल्लीत सगळे 'वहिनी' म्हणतात, तेच लिहावं. वय: साठीच्या आतबाहेर. धंदा: शिवणकाम. राहणार: चौकामागच्या दुमजली घराचा खालचा मजला.

मी स्वतः पोलीस ठाण्यात येऊन, विचारलं तसं सांगते की, वरच्या मजल्यावर माझे धाकटे दीर एकटे राहतात. ते घड्याळं दुरुस्त करतात. माझे पती वारल्यापासून आमचं बोलणं बंद आहे. कारण इथे लिहू नये अशी विनंती केली. ते इतकं फुटकळ आहे की कागदावर आम्ही दोघंही वेडे दिसू.

बोलणं नसलं तरी मधली जमीन लाकडी, त्यामुळे कानावर सगळं येई. त्यांची एक चप्पल पडली की दुसरी पडेपर्यंत मी मशीन थांबवत असे. सकाळी उठले की ते खिडकीपाशी टाचेनं दोनदा ठोकत. मी मशीन रिकामंच दोनदा फिरवत असे. हे कोणी ठरवलं नव्हतं.

जमीन खचत चालली म्हणून यंदा एका ठेकेदाराकडून मजबुतीचं काम काढलं. मिस्त्रीनं तुळयांत जाड स्क्रू मारले, अर्धे आत, अर्धे वर. त्यावर जाळी अंथरून काँक्रीटचा पातळ थर ओतला. एवढं ओझं हे म्हातारं लाकूड कसं पेलणार, असं मी विचारलं. तो म्हणाला, "नुसतं ओतलं तर ओझंच. स्क्रूनं एकमेकांत अडकवलं की दोघं मिळून पेलतात." थर घट्ट होईपर्यंत माझ्या खोलीभर टेकू उभे होते. त्यांच्यातून वाट काढत मी मशीनपर्यंत जाई. झाडीत राहायला गेल्यासारखं वाटे, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडे.

टेकू काढले त्याच दिवशी मशीनच्या बरोबर वर छताला अंगठ्याएवढं भोक दिसलं. त्यातून कचरा शिवायच्या कापडावर पडत होता. मिस्त्री विसरला असेल असं धरून मी अस्तराच्या चिंधीचा घट्ट बोळा केला आणि ते बुजवलं. कोणाला सांगितलं नाही. ते भोक भाऊजींनी मुद्दाम ठेवायला लावलं होतं, काँक्रीट ओतण्याआधी नळी घालून, हे मला आज कळलं. त्यांनीही मला सांगितलं नाही, कारण बोलणं बंद होतं.

त्यानंतर वरचा आवाजच गेला. चप्पल पडेना, टाच वाजेना. भाऊजींनी आता तेही बंद केलं असं वाटून मला फार लागलं. मीही मशीन फिरवलं नाही.

काल दुपारी शिवण मांडीवर तशीच ठेवून डोळा लागला. स्वप्नात आमचं घर पाण्यावर होतं आणि हळूहळू चाललं होतं. भिंतींवर पाण्याचा उजेड हलत होता. काठावरून कोणीतरी 'वहिनी' म्हणून हाक मारत होतं, कापसातून यावी तशी. आवाज मी ओळखला. भाऊजी बोलले, एवढंच मनात आलं, आणि इतकं बरं वाटलं की मी जागी व्हायला तयार नव्हते. घर पुढे जात राहिलं, हाक मागे पडत गेली. किती वेळ ते सांगता येणार नाही. डोळा लागला तेव्हा ऊन मशीनच्या चाकावर होतं, उघडला तेव्हा भिंतीवर.

जाग आली तरी हाक होतीच. ती बोळ्यातून येत होती. स्टुलावर चढून मी बोळा उपटला. वरून स्वच्छ ऐकू आलं, "वहिनी, मी पडलोय. उठता येत नाही. घाबरू नका."

मी म्हटलं, "आले, भाऊजी."

ते सरपटत भोकापाशी आले होते. खुब्याचं हाड मोडलं आहे, डोक्यातून रक्तही बरंच गेलं होतं. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं असं डॉक्टर म्हणाले. त्या उशिरातला काही भाग माझ्या झोपेचा आहे, तोही लिहून घ्यावा.

मिस्त्रीला बाहेर बाकावर बसवून ठेवलं आहे. त्यानं परस्पर ठेवलेल्या भोकात पाय अडकून दीर पडले, असं ठेकेदाराचं म्हणणं. अंगठ्याएवढ्या भोकात कोणाचा पाय अडकत नाही. भिंतीवरचं घड्याळ काढायला ते खुर्चीवर चढले आणि तोल गेला, असं त्यांनीच सांगितलं. माझी मिस्त्रीविरुद्ध तक्रार नाही. त्याला घरी जाऊ द्यावं.

आज सकाळी दवाखान्यात भाऊजींनी मला विचारलं, "मशीन का नाही फिरवलंत?" मी म्हटलं, तुमचं ठोकणं थांबलं म्हणून. ते म्हणाले, "मी रोज नळीवर ठोकत होतो." त्यावर मी खाटेच्या दांडीवर दोनदा बोटं वाजवली. सवय आहे.

हा जबाब मला मोठ्यानं वाचून दाखवला. 'छतात दोष राहिला होता' असं लिहिलं होतं, ते खोडायला लावून 'भोक ठेवलं होतं' असं करून घेतलं. बाकी सगळं मी सांगितलं तसंच आहे. भाऊजी चालायला लागेपर्यंत खाली माझ्याकडे राहतील. वर कोणी नसेल, तरी भोक बुजवायचं नाही. हेही वाचून दाखवलं, ते बरोबर आहे.