चिखलाचा पत्ता

वाइकोरोच्या दवाखान्यात रोइमाता नंबरची वाट बघत होती. मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या विहिणींच्या गप्पा रंगल्या होत्या.

“व्याह्यांची कंबर कशानं धरली हो?”

“चिखलात रुतले ना! हराकेकेच्या पानांचे धागे त्यात बुडवून काळे करायला गेले आणि मांडीपर्यंत आत.”

“अगंबाई! कुठला चिखल?”

“आमचा.”

“ते कळलं. आहे कुठे?”

“सासूबाईंनी मरताना शपथ घातलीय. घराबाहेर सांगायचं नाही.”

“मग व्याह्यांना काढलं कोणी?”

“बंबवाल्यांनी.”

“त्यांना बरा पत्ता सांगितलात!”

“छे हो! सगळ्यांच्या डोळ्यांना पट्ट्या बांधून नेलं.”

“आणि बंब कोणी चालवला?”

“मीच की! फक्त तो मेला भोंगा काही बंद करता येईना मला.”

“ऐकला ना! अख्खं गाव आलं त्या भोंग्यामागे. झाडांआड उभे होतो आम्ही, तुम्ही जाईपर्यंत.”

“तुम्हीसुद्धा, विहीणबाई?”

“मी तर झाडाच्या सालीत उकळलेले धागे बरोबर घेऊनच निघाले होते. काय काळेभोर झालेत म्हणून सांगू!”

“देवा रे! आणखी कोणी बुडवले?”

रोइमाताने आपली काळी नखं हळूच खिशात घातली.