थंड ठोकलेला कोपरा

मंडळी, माईक जरा खाली घ्या. आणखी थोडा. हां.

मला सभेत बोलायची सवय नाही. शाळा पाचवीत सुटली. सकाळी बीपीची गोळी घेतली की नाही तेही आठवत नाही. आप्पाच्या शिवानंदनं घरी येऊन सांगितलं, "काका, बाबांबद्दल तुम्हीच बोलायचं." तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. पण वहिनी समोर बसल्यात. धारूरहून बापूसाहेब आलेत. एवढी माणसं उन्हात आलीत. बोलावं लागेल.

खरं सांगू का? मघाशी मी खुर्च्या मोजल्या. भरल्या, मग सतरंज्या टाकल्या, त्याही भरल्या. आणि मनात पहिला विचार काय आला? माझ्या शोकसभेला एवढे येतील का? मंडळी, मन्मथ आप्पा जाऊन आठ दिवस झाले, तरी माझं हे सुटत नाही. राग मानू नका. आज मला हेच सांगायचंय.

मी दादाराव. पत्र्याचं काम करतो. या केज गावात आप्पाचं दुकान रस्त्याच्या या अंगाला, माझं त्या अंगाला. चाळीस वर्षं. आम्ही दोघं बीडला एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो. उस्ताद म्हणायचे, सरळ पत्रा मन्मथचा, गोलाई दादारावची. म्हणजे गाडीचा दरवाजा, ट्रॉलीचा फाळका आप्पानं करावा. मडगार्डचा वळसा, बंपरचा कोपरा मी काढावा. आप्पाकडे गिऱ्हाईक जास्त, आप्पाची जीभ गोड, आप्पाचा मुलगा शिकलेला. माझ्याकडे काय? गोलाई. तेवढ्या एका गोष्टीवर मी या माणसासमोर ताठ मानेनं उभा राहायचो.

रोज सकाळी शटर उघडताना आप्पा रस्त्यापलीकडून हात जोडायचा. "शरणार्थ, दादाराव!" त्यांच्या घरातली नमस्काराची रीत. मी काय करायचो? मान हलवायचो. कधी तीही नाही. हातात किल्ली आहे असं दाखवायचो. चाळीस वर्षांत मी एकदाही आधी नमस्कार केला नाही. हे लक्षात ठेवा. पुढं लागेल.

आता बाहेर ती फियाट उभी आहे, ती तुम्ही सगळ्यांनी येताना पाहिली. बापूसाहेबांच्या वडिलांची गाडी. बापूसाहेबांनी ती जिवापाड जपली. आठेक वर्षांपूर्वी त्यांना वाटलं, हिला पुढं स्पॉयलर पाहिजे. बंपरखाली खालच्या अंगाला जी पत्र्याची झालर असते, ती. अशा जुन्या गाडीला तयार मिळत नाही. हातानंच करावी लागते. बापूसाहेब आधी कोणाकडे आले? माझ्याकडे! मोबाईलवर फोटो दाखवला. आणि मी घाबरलो. एवढी जपलेली गाडी, काही वाकडं झालं तर? घाटात खाली घासली तर? इंजिनाला हवा कमी पडली तर? मी म्हणालो, "बापूसाहेब, म्हातारीला मिशा कशाला लावता?" ते हसले आणि रस्ता ओलांडून आप्पाकडे गेले.

आप्पा काय म्हणाला? "मिशा न्हाई साहेब, हनुवटी. हिला हनुवटीच न्हाई, म्हणून तोंड पडल्यासारखं दिसतंय."

एका वाक्यात काम घेतलं. मी इकडून ऐकत होतो. मंडळी, जे काम मी नको म्हणालो, ते दुसऱ्यानं घेतलं म्हणून मी जळलो. याला काय म्हणावं? तुम्हीच सांगा.

तीन दिवस आप्पानं पत्र्याला हातच लावला नाही. पुठ्ठ्याचा फर्मा कापत बसला. लावायचा, लांब जाऊन बघायचा, परत कापायचा. मधे इंजिनासाठी हवेची खिडकी सोडली. आणि चौथ्या दिवशी फर्मा काखेत मारून माझ्या दुकानात आला. माझी दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यासमोर म्हणाला, "दादाराव, तुझ्यासारखा कोपरा तालुक्यात कुणी काढत न्हाई. झालर दोन्ही टोकांना वळून चाकाकडं जाती. हितं अडलंय माझं. सांग बरं, कसा काढतूस तू?"

एखाद्या भल्या माणसाला आनंद झाला असता. माझ्या मनात आलं, सरळ पत्रा याचा, गिऱ्हाईक याचं, फियाट याची. आता गोलाईपण पाहिजे?

कोपरा कसा काढतात ते सांगतो. पत्र्याच्या कडेला गॅसची ज्योत द्यायची. कड लाल झाली की लाकडी मोगरीनं चुण्या आत दाबत न्यायच्या. गरम पत्रा ऐकतो. थंड ठोकत राहिलं की तो आडमुठा होतो आणि चिरतो. हे मला माहीत होतं. उस्तादानं मलाच दाखवलं होतं.

आणि मी म्हणालो, "थंडच ठोक. गॅस लावलास की पत्रा लाटा मारतो."

आप्पा म्हणाला, "थंड? चिरणार न्हाई?"

"हात हलका ठेव. मी थंडच काढतो."

"बरं." अर्धा चहा प्याला आणि गेला.

मंडळी, ते खोटं होतं. मी मुद्दाम खोटं सांगितलं. आज पहिल्यांदा तोंडातून काढतोय. वहिनी, तुम्ही माझ्याकडे बघू नका, मला पुढचं बोलता येणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी काही ना काही निमित्तानं रस्ता ओलांडायला लागलो. काडेपेटी आणायला, पेपर बघायला. आतून ठक ठक आवाज यायचा. पहिला कोपरा चिरला. मी डोळ्यांनी पाहिला, मधोमध फाटलेला. त्या दिवशी घरी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. बायको म्हणाली, "कावून हो, आज एवढी भूक?" काय सांगणार?

दुसराही चिरला. मला वाटलं, आता आप्पा भांडायला येणार. मी उत्तरं तयार ठेवली होती. आला. म्हणाला, "दादाराव, माझाच हात जड पडतोय बघ. तू येऊन जरा उभा ऱ्हा की." मी म्हणालो, माझ्या डोळ्यात कचरा गेलाय.

त्याला माझ्यावर शंकासुद्धा आली नाही. सांगणारा चुकला असेल, असं त्याच्या डोक्यात येईना. तो स्वतःच्या हाताला दोष देत राहिला. आणि हाताला दोष देणारा माणूस काय करतो? हात सुधारतो. आप्पानं नवा पत्रा बाजूला ठेवला आणि भंगारातून एका जुन्या गाडीचा टप आणला. टपाचा पत्रा मऊ असतो. खाली वाळूची पिशवी घेतली, मोगरीला चामडं गुंडाळलं. ठोकायचा आवाजही येईना, एवढा हलका. अकरा दिवस. अकरा दिवस तो माणूस पत्र्याला थोपटत होता. पाळण्यातल्या लेकराला थोपटावं तसा.

आणि कोपरा निघाला. थंड. चीर नाही, लाट नाही, गॅसचा डाग नाही. मी हात फिरवून पाहिला. माझा एकही कोपरा असा निघालेला नाही. आजपर्यंत नाही. मी खोटं सांगितलं आणि या माणसानं ते खरं करून ठेवलं. मी गॅसवर खरं काम करत होतो, ते त्याच्या खोट्यापुढं फिकं पडलं. चुकलं, त्याचं खोटं नव्हे. माझं खोटं.

झालर बसवायच्या दिवशी आप्पानं आणखी एक केलं. आम्ही सगळे रिकाम्या गाडीखाली माप घेतो. आप्पा म्हणाला, "गाडी काय रिकामी चालती का?" आणि गाडीत माणसं भरायला लागला. बापूसाहेब पुढं. मग मला हाक मारली. "दादाराव, तू मागं बस. तुझं वजन लई कामाचं हाय!" सगळे हसले. मी बसलो. गाडी खाली दबली आणि आप्पानं झोपून जमिनीपासून चार बोटं मोजली. मग पट्ट्या ठोकल्या, बोल्ट आवळले, खालच्या कडेला टायरचं रबर लावलं.

तसेच धारूरच्या घाटात गेलो. मी मागच्या सीटवर. सगळे खिडकीतून बाहेर बघत होते. मी काय करत होतो? खरचटल्याचा आवाज येतो का ते ऐकत होतो. मनात म्हणत होतो, घास. घास. एकदा तरी घास. एका गतिरोधकावर खालून फर्र आवाज आला. मी ओरडलो, "लागलं!"

आप्पा पुढून म्हणाला, "लागू दे. रबर हाय."

धारूरला हॉटेलसमोर गाडी थांबली आणि माणसं जमली. एक जण खाली बसून बघायला लागला. "काय कोपरा काढलाय बे! कुणी काढला?" आप्पानं माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाला, "काढला म्या. पण अक्कल दादारावची. त्यानं सांगितलं थंड ठोक, म्हणून निघाला."

त्या वेळी मी बोलायला पाहिजे होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी नुसती होकाराची मान हलवली.

तेव्हापासून मी काय झालो? थंड कोपऱ्याचे दादाराव मिस्त्री. लांबलांबून माणसं आली. मी मागच्या खोलीत दार लावून गॅसवर कोपरा काढायचो आणि बाहेर आणून सांगायचो, थंड ठोकलाय. एकदा आप्पा अचानक आला. माझं तयार काम टेबलावर होतं. त्यावर बोट फिरवलं. गॅस दिला की पत्र्यावर निळसर डाग राहतो, मिस्त्रीला तो लांबून दिसतो. आप्पानं डाग पाहिला. माझ्याकडे पाहिलं. आणि तो हळूच म्हणाला, "दादाराव, एवढा निळा डाग पुसून घे. गिऱ्हाईक बघंल."

बस. एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हात जोडून, "शरणार्थ, दादाराव!"

म्हणजे त्याला कळलं होतं. कधी कळलं? त्या दिवशी की आधीच? कोपरे चिरत होते तेव्हा? मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही, आणि आता तो नाही. तुम्ही म्हणाल, मग पश्चात्ताप झाला असेल. झाला नाही, मंडळी. मला त्याच्या मोठेपणाचाही हेवा वाटला. मनात आलं, हेही यालाच जमावं?

मग आज कशाला सांगतोय? गेल्या मंगळवारी माती देऊन परत येताना शिवानंद माझ्या शेजारून चालत होता. म्हणाला, "काका, बाबा म्हणायचे थंड कोपऱ्याची विद्या तुमची. मला शिकवाल का? दुकान मी चालवणार आहे." मी "बघू" म्हणालो. आठ दिवस झाले, "बघू"च म्हणतोय.

शिवानंद, मला ती येत नाही. कधीच येत नव्हती. तुझ्या बापाला येत होती. त्यानं ती तुला शिकवली नाही, कारण ती माझी आहे असं तो चारचौघांत बोलून बसला होता. दुसऱ्याची विद्या दुसऱ्यानंच द्यावी, असं त्याला वाटत असणार. आणि ती माझी आहे हे मी मान हलवून कबूल केलं होतं. माझ्या एका मान हलवण्यानं तुझ्या घरातली विद्या तुझ्यापर्यंत आली नाही. आता ती मातीत गेली.

पण सगळी गेली नाही. मघाशी मी आप्पाच्या दुकानात पाणी प्यायला गेलो. मागच्या भिंतीला खिळ्यावर ते दोन चिरलेले कोपरे अजून लटकलेत. आप्पानं टाकले नाहीत. त्यांच्यावर मोगरीचा एक एक ठोका दिसतो. कुठून सुरू केला, कुठं जड पडला, कुठं थांबला. आणि चांगले कोपरे बाहेर फियाटला आहेत. बापूसाहेब, झालर चार दिवस सोडवून द्याल का? मान हलवताय, बरं. शिवानंद, उद्या सकाळी मी तुझ्या दुकानात येतो. शिकवायला नाही, शिकायला. सगळे कोपरे पुढं ठेवू. माझ्या हाताला कंप आहे, माझे चिरतील. चिरू देत. आणि माझ्या दुकानातला गॅस मी यापुढं रस्त्यावरून दिसेल असा पुढं ठेवणार आहे.

वहिनी, माफ करा असं म्हणत नाही. तुमचं तुम्ही ठरवा.

मंडळी, आता जागेवर उभे राहा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसून राहिलं तरी चालेल, आप्पा काही म्हणायचा नाही. दोन मिनिटं कोणी बोलू नका. त्यानंतर घरी जाताना फियाटच्या कोपऱ्यावरून एकदा हात फिरवा. आणि कोणी विचारलं कुणाचा, तर माझं नाव घेऊ नका. मला वाईट वाटेल. वाटू द्या.

शांत होण्याआधी मला एक करू द्या. फोटो जरा इकडं वळवा. हां.

शरणार्थ, आप्पा.