बाळताऱ्याचा ढेकर

"तुम्हाला खरं वाटणार नाही, पण तारा ढेकर देतो आणि तो मी या कानांनी ऐकलाय."

कानाच्या डॉक्टरांकडे बाकावर माझ्या शेजारचे म्हातारबुवा पलीकडच्या शिंप्याला सांगत होते. कानाचं यंत्र बसवायला बायकोने त्यांना धरून आणलं होतं.

"कुठं ऐकलात, काका?"

"रेडिओ दुर्बिणीवर. तीस वर्षं ती तबकडी मी फिरवली. सूर्याच्या वीसपट धूड, पण अजून बाळसं धरतंय. धुळीत गुरफटलेलं, साध्या दुर्बिणीला दिसायचं नाही. त्याने भोवतालच्या वायूचा भलाथोरला गोळा एकदम गिळला, आणि असा ढेकर दिला की मी खुर्चीवरून खाली."

"जवळच होता म्हणायचा."

"छे हो. इतका लांब, की ढेकर निघाला तेव्हा माणसाला नांगर माहीत नव्हता. इतका शिळा ढेकर तिथल्या आमच्या साहेबांच्या आधी मी पकडला, आणि ही म्हणते, मला दारावरची बेल ऐकू येत नाही. अशा कानांना यंत्र कशाला?"

"खरंच की. वहिनी, उगाच आणलंत यांना."

"अहो भाऊ, त्या दुर्बिणीला आवाज कुठला? पडद्यावर नुसती रेघ वर जाते. ती गेली, तर यांना वाटलं यंत्र बिघडलं. दोन तास दुर्बीण बंद करून बसले. मी डबा घेऊन गेले होते ना. त्या दिवशी आवाज झाला तो साहेबांचा. मला फाटकापर्यंत ऐकू आला."