सातवा भाग

ग्रंथालयाच्या रांगेत निवृत्त मास्तरीणबाईंच्या पुढे एक आजोबा आणि त्यांची नात उभी होती. बाईंनी आयुष्यभर पोरांच्या दप्तरांतून कॉमिक्स जप्त केली होती, पण एकही कधी उघडून पाहिलं नव्हतं.

"कॉमिक्स मुलांच्याच कार्डावर मिळतात, आजोबा. हिला काल चौदा पूर्ण झाली. कार्ड बंद."

"अहो ग्रंथपालबाई, सातवा भाग राहिलाय! त्यातला हिरो विहिरीत लोंबकळतोय!"

"आजोबा, हळू बोला ना. सगळे बघतायत."

"बघू देत. सहा भाग तुझ्या नावावर वाचले तेव्हा नाही लाजलो."

"मोठ्यांचं साहित्य वरच्या मजल्यावर आहे."

"मग हे काय आहे? सहाव्या भागात त्याची आई गेली, तर मला दोन दिवस घास गेला नाही. साहित्य आणखी वेगळं काय करतं?"

"हो ना, ती रिकामी खाट बघून मलाही..."

"म्हणजे तुम्हीही वाचता?"

"आणा तुमचं कार्ड. सातवा उद्या देते."

"कुणी नेलाय?"

"खणातच आहे. माझी दहा पानं राहिलीत."

"विहिरीतून जिवंत सुटतो का हो तो?"

"मुळीच सांगणार नाही!"

मास्तरीणबाईंनी हातातली जाडजूड कादंबरी टेबलावर ठेवली.

"ही राहू द्या. पहिला भाग आहे का?"