येष्टी, बेबी, येष्टी

आमच्या पेडगावच्या मुंजाभाऊचं ऐका. त्याचा मेव्हणा दुबईला कामाला. पहिल्या सुट्टीत त्यानं दाजीसाठी टेप आणला अन् सोबत एक इंग्रजी कॅसेट. हिपहॉप का काय म्हणतात ते. गाणं कसलं, नुसती ठेक्यावर बडबड. मधूनच तो गडी म्हणायचा, "स्टे, बेबी, स्टे."

मुंजाभाऊला ऐकू यायचं, "येष्टी, बेबी, येष्टी." अन् त्याच्या बायकोचं नावच बेबी. मग काय, वैनी रुसून मानवतला माहेरी निघाली की हा मुद्दाम तेच गाणं मोठ्यानं लावायचा, वरून स्वतःबी म्हणायचा. तीबी पिशवी उचलून सरळ फाट्यावर.

चार-पाच वर्षांनी मेव्हणा पुन्हा आला. तोवर त्याला इंग्रजी कळाय लागलं होतं. गाणं ऐकून म्हणला, "दाजी, प्रेमाचं गाणं हाय हे. तो तिला थांब म्हणायलाय. जाऊ नको म्हणायलाय."

मुंजाभाऊनं टेप बंद केला.

पुढच्या खेपेला वैनी रुसून निघाली, तर हा मागं मागं फाट्यावर. मी तिथंच होतो. ती बसमधी चढली, खिडकीपाशी बसली. मराठीत थांब म्हणायला ह्याची काही जीभ उचलंना. शेवटी खिडकीच्या गजाला धरून हळूच म्हणला, "स्टे, बेबी, स्टे."

वैनी म्हणली, "बसले की येष्टीत. आता काय ढकलता का?"